फ्रँकलिन मोहिमेचे सत्य कोणी दडवले होते का?

आपण विचारले आहे की, १८४५ साली उत्तर ध्रुवप्रदेशात नाहीशी झालेली सर जॉन फ्रँकलिन यांची मोहीम निव्वळ निसर्गाला बळी पडली, की तिच्यामागे काही कारस्थान होते. आपण पाहिलेल्या चित्रफितींत तीन दावे केलेले होते: ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाला, म्हणजे ॲडमिरल्टीला, जहाजांचा ठावठिकाणा आधीपासून माहीत होता, डबाबंद मांस पुरवणाऱ्या ठेकेदाराने खलाशांना विष घातले, आणि जहाजांच्या रोजनिशा सापडूनही त्या लपवून ठेवल्या आहेत. मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवले आहे, माझ्या आयुष्याचा मोठा भाग शवविच्छेदनगृहात आणि न्यायालयातील साक्षीत गेला आहे, आणि या मोहिमेतील मृतांच्या अवशेषांवर प्रसिद्ध झालेले संशोधन मी दीर्घकाळ वाचत आलो आहे. हे तिन्ही दावे पुराव्यापुढे टिकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या प्रकरणात सत्याची गळचेपी झालीच नाही, असे मी म्हणणार नाही. ती झाली, उघडपणे झाली, वृत्तपत्रांच्या पानांवर झाली. आणि जे साक्षीदार खरे बोलत होते त्यांनाच खुनी ठरवण्यापर्यंत मजल गेली. कारस्थानाच्या कथा सांगणारे नेमका हाच भाग गाळतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी निर्विवाद गोष्टी. 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे १९ मे १८४५ रोजी टेम्स नदीवरील ग्रीनहाइथहून निघाली. अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून वाट काढत पॅसिफिकला पोहोचायचे, म्हणजे ज्याला वायव्य मार्ग म्हणतात तो पूर्ण करायचा, हे त्यांचे काम होते. ग्रीनलंडहून पाच जणांना परत पाठवल्यावर जहाजांवर १२९ माणसे उरली. जुलैअखेरीस बॅफिन उपसागरात व्हेलच्या शिकारीवर आलेल्या जहाजांनी त्यांना पाहिले, आणि त्यानंतर कोणाही युरोपीय माणसाला ती जिवंत दिसली नाहीत. पहिला हिवाळा त्यांनी बीची बेटापाशी काढला. जॉन टोरिंग्टन, जॉन हार्टनेल आणि विल्यम ब्रेन या तिघांची थडगी तेथे आहेत. सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाच्या वायव्येस दोन्ही जहाजे बर्फात अडकली. पुढची हकीकत १८५९ साली शोधपथकातील लेफ्टनंट हॉब्सन यांना दगडांच्या राशीत सापडलेल्या एकाच कागदावर आहे. मे १८४७ च्या मूळ मजकुरात 'सर्व ठीक' असे लिहिलेले आहे, आणि त्याच कागदाच्या समासात २५ एप्रिल १८४८ रोजी भरलेला मजकूर सांगतो की फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, एकूण नऊ अधिकारी व पंधरा खलाशी मरण पावले, २२ एप्रिलला जहाजे सोडली आणि उरलेले १०५ जण कॅप्टन क्रोझियर यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेला बॅक नदीकडे निघत आहेत. त्यांपैकी एकही माणूस घरी परतला नाही.

या कागदालाच बनावट म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचा आधार एका चुकीवर आहे. बीची बेटावरचा मुक्काम १८४५-४६ च्या हिवाळ्यातला असताना चिठ्ठीत तो १८४६-४७ चा लिहिला आहे. परंतु हॉब्सन यांना किनाऱ्यावर काही अंतरावर त्याच छापील नमुन्याचा आणखी एक भरलेला कागद मिळाला. त्यात फक्त १८४७ चा मजकूर आहे आणि चूक तीच आहे. म्हणजे दोन्ही कागद जहाजावर एकाच बैठकीत भरले गेले आणि एकाची चूक दुसऱ्यात उतरली. हस्ताक्षर 'एरेबस'वरील जेम्स फिट्झजेम्स यांचे आहे. वादग्रस्त दस्तऐवज तपासताना आम्ही जे पाहतो त्यात अशी निरुपयोगी चूक दस्तऐवजाच्या बाजूनेच मोजली जाते, कारण खोटा कागद तयार करणारा माणूस सर्वप्रथम तारखा जुळवून घेतो.

आता ॲडमिरल्टीकडे वळू. संशयाला जागा देणारी वस्तुस्थिती खरी आहे: जानेवारी १८५४ मध्ये जाहीर करण्यात आले की ३१ मार्चपासून या सर्वांची नावे नौदलाच्या पटावरून काढली जातील. बातमी आलेली नसताना मृत्यू गृहीत धरला, त्या अर्थी त्यांना आधीच ठाऊक होते, असे अनुमान यातून काढले जाते. पण त्याच वेळी नौदलाची शोधपथके कोठे होती, हे पाहिले पाहिजे. १८५२ मध्ये सर एडवर्ड बेल्चर यांच्याबरोबर पाच जहाजांचा ताफा पाठवण्यात आला होता, तो फ्रँकलिन जेथे होते त्याच्या कितीतरी उत्तरेला शोध घेत राहिला आणि १८५४ मध्ये त्यातील चार जहाजे बर्फातच सोडून परत आला. ज्यांना जागा ठाऊक आहे ते भलत्याच ठिकाणी चार जहाजे घालवत नाहीत. पटावरून नावे काढण्यामागे नऊ वर्षे चालू राहिलेल्या पगाराचा बोजा होता आणि रशियाशी तोंडावर आलेले युद्ध होते. निर्णय कठोर होता आणि फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी फ्रँकलिन यांनी त्यावर व्यक्त केलेला संताप समजण्यासारखा आहे; पण कठोरपणा हा गुप्त माहितीचा पुरावा होत नाही.

शोध चुकीच्या दिशेने का गेला, याचेही उत्तर कागदपत्रांत आहे. फ्रँकलिन यांना दिलेल्या आज्ञेत आधी नैर्ऋत्येकडे जाण्याचा प्रयत्न करा आणि तो मार्ग बंद असेल तर वेलिंग्टन सामुद्रधुनीने उत्तरेला जा, असे दोन पर्याय होते. बीची बेट त्या सामुद्रधुनीच्या तोंडाशीच आहे. तेथील थडगी १८५० मध्ये सापडल्यावर बहुतेकांनी उत्तरेचा पर्याय मनाशी पक्का केला. शिवाय त्या काळच्या नकाशांत किंग विल्यम हे बेट म्हणून दाखवलेलेच नव्हते. ते पूर्वेकडच्या भूमीला जोडलेले आहे असा समज होता. या समजामुळे पूर्वेकडची तुलनेने मोकळी वाट फ्रँकलिन यांनाही अस्तित्वात नाही असेच वाटले असणार, आणि पश्चिमेकडच्या दाट बर्फात जहाजे नेण्यामागचे ते एक मोठे कारण असावे. डॉ. रिचर्ड किंग यांनी मात्र बॅक नदीच्या मुखाकडे पथक पाठवा, असे १८४७ पासून वारंवार लिहून कळवले होते. ते स्वतः त्या नदीने प्रवास केलेले होते आणि त्यांचा अंदाज दिशेच्या बाबतीत बरोबर होता. त्यांचे म्हणणे फेटाळले गेले, कारण त्यांची भाषा उर्मट होती, ते नौदलाच्या वर्तुळाबाहेरचे होते आणि जुन्या ध्रुवप्रवाशांच्या मतापुढे एका बाहेरच्या डॉक्टरचे वजन पडले नाही. हा दोष गंभीर आहे आणि त्याने माणसे मेली असतील, परंतु तो सगळा पत्रव्यवहार कोणीही वाचू शकतो.

आता मला ज्याविषयी सर्वाधिक तळमळीने सांगायचे आहे त्याकडे येतो. १८५४ च्या वसंतात डॉ. जॉन रे हे हडसन बे कंपनीचे अधिकारी किनाऱ्याची मोजणी करत असताना त्यांना तेथील मूळ रहिवासी असलेल्या इनुइट लोकांकडून कळले की काही वर्षांपूर्वी चाळीसेक गोरी माणसे होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसली होती, पुढे त्यांची प्रेते मिळाली, आणि प्रेतांची अवस्था व भांड्यांतील अवशेष पाहता शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले होते. रे यांनी या लोकांकडून चांदीचे चमचे व काटे विकत घेतले, ज्यांवर अधिकाऱ्यांची कुलचिन्हे होती. स्वतः फ्रँकलिन यांचे एक सन्मानचिन्हही त्यांत होते. त्यांचे ॲडमिरल्टीला लिहिलेले पत्र २३ ऑक्टोबर १८५४ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आले. ज्या कार्यालयावर सत्य दडवल्याचा आरोप आहे, त्याच कार्यालयाला आलेला या मोहिमेचा सर्वांत भयंकर अहवाल सामान्य वाचकाच्या हाती होता.

मग समाजाने काय केले? चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिहिले की इंग्लिश नौदलातील माणसे असे करणे शक्य नाही, आणि उलट या इनुइटांनीच दुबळ्या झालेल्या खलाशांवर हल्ला करून त्यांना मारले नसेल हे कोणी सांगावे. रानटी माणूस मुळातच लोभी आणि विश्वासघातकी असतो, हे त्यामागचे गृहीतक त्यांनी उघडपणे मांडले. डिकन्स यांच्यासारख्या लेखकाचे नाव या आरोपाला जोडले गेल्यामुळे तो दीर्घकाळ टिकला. फ्रँकलिन मोहिमेविषयीची पहिली मोठी कारस्थानकथा हीच, आणि तिचे बळी ठरले ते ज्यांनी खरी साक्ष दिली ते लोक. रे यांना जाहीर झालेले दहा हजार पौंडांचे बक्षीस मिळाले, पण त्यांच्या तोडीच्या इतर ध्रुवप्रवाशांना मिळालेली 'सर' ही पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांच्या नावाचा दगड बसला तो २०१४ मध्ये.

हाडांनी या वादाचा निकाल लावला आहे. किंग विल्यम बेटाच्या एरेबस उपसागरातील एका ठिकाणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला किमान अकरा जणांचे अवशेष मिळाले. मानवशास्त्रज्ञ ॲन कीनलीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीनुसार सुमारे चौथा हिस्सा हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या. येथे माझ्या विषयाचा थोडा तपशील उपयोगी पडेल. हल्ल्यात झालेल्या जखमांची एक ठेवण असते: बचावासाठी पुढे केलेल्या हातांवर व बाहूंवर घाव, डोक्यावर व छातीवर वार, हाडाला तडा जाईल इतका जोर. मांस सोडवताना होणारे छेद वेगळे असतात. ते बारीक, उथळ आणि एकमेकांना समांतर असतात, आणि जेथे स्नायू व बंध हाडाला चिकटलेले असतात त्या सांध्यांच्या जागी एकवटतात. जनावराच्या दाताने पडलेली खाच रुंद आणि तळाशी गोलसर असते, तर धातूच्या पात्याने पडलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली अरुंद आणि सरळ कडांचा दिसतो. येथे मिळालेले चित्र धातूच्या पात्यांनी सांधे सोडवण्याचे आहे. पुढील एका अभ्यासात आतली मज्जा काढण्यासाठी हाडे फोडल्याच्या आणि भांड्यात उकळताना त्यांची टोके घासून गुळगुळीत झाल्याच्या खुणा नोंदवल्या गेल्या. भांड्यांविषयी इनुइटांनी रे यांना जे सांगितले होते त्याच्याशी हे तंतोतंत जुळते. २०२४ मध्ये याच ठिकाणचा एक खालचा जबडा डीएनएच्या आधारे जेम्स फिट्झजेम्स यांचा असल्याचे सिद्ध झाले. ज्याच्या हातून ती चिठ्ठी लिहिली गेली त्या अधिकाऱ्याच्याच जबड्यावर कापल्याच्या खुणा आहेत. भुकेपुढे हुद्दा उरला नव्हता, आणि ज्यांनी जगण्यासाठी हे केले त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

विषाचा दावा मी अधिक काळजीने तपासतो, कारण त्याचा उगम अफवेत नसून प्रामाणिक संशोधनात आहे. मानवशास्त्रज्ञ ओवेन बिटी यांच्या पथकाने १९८० च्या दशकात किंग विल्यम बेटावरील हाडांत आणि नंतर बीची बेटावरील तिन्ही मृतदेहांत शिशाचे मोठे प्रमाण शोधून काढले. १९८४ मध्ये टोरिंग्टनचे आणि १९८६ मध्ये हार्टनेल व ब्रेन यांचे थडगे उघडले गेले, आणि कायम गोठलेल्या जमिनीमुळे देह इतके अभंग राहिले होते की त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. डबे झाळताना वापरलेल्या शिशाच्या डाखातून अन्नात विष उतरले, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. ठेकेदार स्टीफन गोल्डनर यांच्याविषयीची माहितीही या कथेला पोषक होती. त्यांना कंत्राट मिळाले ते जहाजे निघण्याच्या काही आठवडेच आधी, डबे घाईने तयार झाले, आणि १८५२ मध्ये त्यांनीच नौदलाला पुरवलेल्या मालाची तपासणी झाली तेव्हा सडक्या मांसाचे प्रकरण संसदेपर्यंत गेले. आज सांगितल्या जाणाऱ्या कथेत या घाईचे आणि हलगर्जीपणाचे रूपांतर हेतुपुरस्सर विषप्रयोगात केले जाते.

शिशाचे मोजमाप वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. शरीरात शिरलेले शिसे हाडांत साठते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे हाडातील आकडा हा त्या माणसाच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब असतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पाण्याचे नळ, कथिल-शिशाच्या मिश्रधातूची भांडी, रंग आणि कित्येक औषधे यांतून प्रत्येकाच्या पोटात शिसे जात होते. म्हणून योग्य प्रश्न असा की, हे शिसे मोहिमेदरम्यान वाढले का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो नेमका विचारला. डबे हेच कारण असते, तर १८४६ च्या आरंभी मेलेल्यांपेक्षा १८४८ पर्यंत तेच अन्न खाणाऱ्यांच्या हाडांत नव्याने घडलेल्या भागांत शिसे अधिक पसरलेले दिसले असते. तसे दिसले नाही. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा येथे पुरलेल्या त्याच काळातील ब्रिटिश नौदलाच्या माणसांशी तुलना करूनही फ्रँकलिन यांच्या माणसांचे काही वेगळेपण सिद्ध झाले नाही. त्याआधी २०१६ मध्ये हार्टनेलच्या नखाची तपासणी झाली होती. नख हळूहळू वाढत असल्याने ते शेवटच्या काही महिन्यांची रोजनिशीच असते. तिच्यात दिसले ते असे की, शिसे बराच काळ साधारण पातळीवर होते आणि अखेरच्या आठवड्यांत, शरीर झिजू लागल्यावर, हाडांतले साठलेले शिसे रक्तात उतरल्याने वाढले. त्याआधीपासून जस्ताची मोठी कमतरता मात्र होती. ताज्या मांसाचा अभाव, ढासळलेली प्रतिकारशक्ती आणि क्षय अशा दिशेने ती खूण जाते.

टोरिंग्टनच्या फुफ्फुसांत क्षयाच्या आणि न्यूमोनियाच्या खुणा मिळाल्या. मृत्यूसमयी त्याचे वजन चाळीस किलोपेक्षाही कमी होते. हार्टनेलच्या देहावर १८४६ मध्येच केलेल्या शवविच्छेदनाचा छेद आढळला, उलट्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा. डॉक्टरांना विषाचा संशय आला म्हणूनच त्यांनी देह उघडला, असे काही जण ठासून सांगतात. प्रत्यक्षात टोरिंग्टन १ जानेवारीला गेला आणि हार्टनेल ४ जानेवारीला; बंदिस्त जहाजावर तीन दिवसांत दोन तरुण दगावले तर साथीच्या भीतीने कोणताही जबाबदार वैद्य कारण शोधेल. त्यांनी हृदय आणि फुफ्फुसांकडे लक्ष दिले होते. विषाचा संशय असलेला वैद्य आधी जठराकडे वळतो. सडक्या डब्यांतून बॉट्युलिझम, म्हणजे खराब अन्नातील जंतूंच्या विषाने होणारी विषबाधा, झाली असेल, हा विचारही मांडला गेला आहे, आणि काही डबे खराब निघाले असतील हे मला पटते. पण बॉट्युलिझमने माणूस काही दिवसांत मरतो, आणि येथे १२९ पैकी १०५ जण तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये चालण्याच्या स्थितीत होते. हळूहळू कमी पडत गेलेले पोषण, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही, क्षय, थंडी, आणि शेवटी मैलोगणिक ओढलेल्या जड होड्या यांची एकत्रित बेरीज मला कोणत्याही एका विषापेक्षा अधिक खरी वाटते.

भुतांच्या आणि परग्रहवासीयांच्या कथांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. त्यातली आयर्लंडमधील डेरी येथील एक कथा तेवढी वारंवार सांगितली जाते. १८४९ मध्ये कॉपिन कुटुंबातील मृत बालिकेच्या आत्म्याने फ्रँकलिन यांच्या जागेची नावे भिंतीवर दाखवली, असे ती सांगते. पण हा वृत्तान्त छापून आला १८८९ मध्ये, म्हणजे चिठ्ठी सापडून सर्वज्ञात झाल्यानंतर तीस वर्षांनी. साक्ष केव्हा नोंदली गेली हे न पाहता तिच्यावर विसंबणे न्यायालयात चालत नाही आणि येथेही चालू नये. १८५१ च्या वसंतात 'रिनोव्हेशन' या जहाजावरून न्यूफाउंडलंडजवळ तरंगत्या हिमखंडावर दोन जहाजे दिसल्याची बातमी अधिक विचार करण्याजोगी होती, आणि ॲडमिरल्टीने त्याची चौकशीही केली. बेल्चर यांच्या ताफ्यातील सोडून दिलेले 'रेझोल्यूट' जहाज १८५५ मध्ये बर्फासोबत शेकडो मैल वाहत जाऊन एका अमेरिकी कप्तानाला धडधाकट सापडले होते, त्यामुळे असे घडणे अशक्य मुळीच नव्हते. पण 'एरेबस' आणि 'टेरर' कोठे गेली, हे आता आपल्याला समुद्राच्या तळावर दिसते आहे.

येथे इनुइट साक्षीचे दुसरे पर्व येते. 'एरेबस' २०१४ मध्ये किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेला, ॲडलेड द्वीपकल्पाजवळच्या उथळ पाण्यात सापडले. या परिसरात एक मोठे जहाज होते, त्यात एका भारी देहाच्या गोऱ्या माणसाचे प्रेत होते, जहाजाच्या बाजूला भोक पाडून आत शिरल्यावर ते बुडाले आणि डोलकाठ्या पाण्याबाहेर राहिल्या, असे इनुइटांनी चार्ल्स फ्रान्सिस हॉल आणि फ्रेडरिक श्वाट्का या अमेरिकी शोधप्रवाशांना एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. 'टेरर' २०१६ मध्ये टेरर उपसागरात मिळाले, तेही किंग विल्यम बेटावरील ग्योआ हेवन या वस्तीतील सॅमी कोगविक यांनी काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेली एक काठी पाहिली होती त्या आठवणीवरून. ग्योआ हेवनचेच लुई कामूकाक यांनी आयुष्यभर वडीलधाऱ्यांकडून या कथा गोळा केल्या आणि नकाशाशी ताडून पाहिल्या. यातली बरीच माहिती दीडशे वर्षे उपलब्ध होती. तिला गुप्त कोणी ठेवले नव्हते. तिच्यावर विश्वास ठेवण्याची तयारी नव्हती.

रोजनिशांविषयी आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर बरेचसे याच साक्षींत आहे. श्वाट्का यांना १८७९ मध्ये सांगण्यात आले की मृतांजवळ पुस्तकांनी व कागदांनी भरलेली एक पेटी सापडली होती, आणि त्या वस्तूंचा काही उपयोग ठाऊक नसल्याने ती मुलांना खेळायला दिली गेली. काही कागद जहाजांवरही राहिले असतील. थंड व गाळाने झाकलेल्या पाण्यात कागद टिकू शकतो, आणि २०२२ मध्ये 'एरेबस'वरून चामड्याच्या बांधणीची एक वही वर काढली गेली, जिच्या आवरणात पिसाची लेखणी अजून होती. 'टेरर'वर २०१९ मध्ये यंत्राच्या साहाय्याने आतील खोल्यांचे चित्रण झाले तेव्हा कप्तानाच्या शयनकक्षाची बाजू तेवढी पाहता आली नाही, आणि लगेच काहींनी तेथे लपवाछपवी असल्याचे जाहीर केले. बंद दार आणि खणांत साचलेला गाळ ही पाण्याखालील उत्खननातली नित्याची अडचण आहे. कामाचा हंगाम वर्षात काही आठवड्यांचाच असतो. अवशेषांच्या जागी परवानगीविना कोणी उतरू नये असा कॅनडाचा नियम आहे, आणि लूट टाळण्यासाठी तो हवाच. दोन्ही अवशेषांवर आता कॅनडा सरकार आणि इनुइट वारसा न्यास यांची संयुक्त मालकी आहे. २०१४ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी शोधाची घोषणा स्वतः केली, आणि उत्तरेकडील सागरी हक्कांच्या राजकारणासाठी तिचा उपयोग झाला, हे मात्र खरे आहे. पण ज्या शोधाचा गाजावाजा हवा असतो तो कोणी लपवत नाही.

मोहिमेचा खरा हेतू गुप्त चुंबकीय प्रयोग होता, असेही एक मत आपण ऐकले असेल. चुंबकीय निरीक्षणे हे तिचे घोषित काम होते. ती पृथ्वीभर एकाच वेळी चाललेल्या मोठ्या उपक्रमाचा भाग होती. फ्रँकलिन यांनी टास्मानियाचे गव्हर्नर असताना होबार्ट येथे अशी वेधशाळा उभी करण्यास साहाय्य केले होते, आणि मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून याच प्रकारच्या नोंदी घेतल्या जात होत्या. हे आकडे छापून प्रसिद्ध होत.

संशय घेणे हेच चूक आहे, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ काढू नये, आणि त्यासाठी हॉल यांचेच उदाहरण देतो. फ्रँकलिन यांच्या माणसांचा शोध घेणारे हे अमेरिकी प्रवासी पुढे १८७१ मध्ये 'पोलारिस' जहाजावरून उत्तरेला गेले, कॉफीचा एक पेला पिऊन आजारी पडले, सोबत्यांवर विष घातल्याचा आरोप करत राहिले आणि ८ नोव्हेंबरला वारले. नौदलाच्या चौकशीने नैसर्गिक मृत्यू ठरवला. १९६८ मध्ये ग्रीनलंडमधील त्यांचे थडगे उघडून नख व केस तपासले, तेव्हा अखेरच्या दोन आठवड्यांत त्यांच्या शरीरात आर्सेनिकचे मोठे प्रमाण गेल्याचे सिद्ध झाले. ते औषध म्हणून त्यांनी स्वतः घेतले की जहाजावरील डॉक्टर एमिल बेसेल्स यांनी दिले, याचा निर्णय नख देऊ शकत नाही. पण येथे संशयाजवळ त्या वेळच्या साक्षी होत्या, विशिष्ट व्यक्ती होती, तपासता येण्याजोगे विष होते आणि तपास झाला. फ्रँकलिन मोहिमेविषयीच्या कारस्थानकथांत यांपैकी एकही गोष्ट नाही.

आपल्याला या विषयात पुढे जायचे असेल तर एक खराखुरा अनुत्तरित प्रश्न सुचवतो. जहाजे सोडण्यापूर्वीच नऊ अधिकारी मरण पावले होते, आणि अधिकाऱ्यांची संख्या खलाशांच्या मानाने फार कमी असल्याने हे प्रमाण खलाशांतील मृत्यूंच्या दुपटीहून जास्त पडते. अधिकारी शिकारीच्या आणि शोधाच्या तुकड्यांचे नेतृत्व करत, त्यामुळे एखादा अपघात त्यांच्यावर ओढवला असेल. किंवा त्यांच्या स्वतंत्र शिधेत काही वेगळे असेल. किंवा ही निव्वळ लहान संख्यांची करामत असेल. 'एरेबस'च्या अधिकाऱ्यांच्या कोठारातून आणि कक्षांतून आता जे वर येत आहे त्यातून याचा उलगडा होण्याची शक्यता आहे, आणि येत्या हंगामांतील उत्खननाच्या अहवालांत मी सर्वप्रथम हाच भाग वाचणार आहे.